पोचल्याचं कार्ड

आज मी जिथे आहे तिथे मला ज्यांनी पोचवलं, त्यांचं नाव सदाशिव वामन गुरसाळे. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते जिमखान्याचे सर होते आणि निवृत्त होईपर्यंत कॉलेजचा बास्केटबॉल संघ म्हणजे तेच होते. जानेवारीतल्या एका शनिवारी ते गेले. मला कळलं तेव्हा मी आयर्लंडमध्ये, लिमरिकमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये स्कोअररच्या टेबलाशी बसलो होतो. माझी मुलगी ईरा इथल्या क्लबकडून खेळते, आणि मॅचच्या दिवशी टेबलाचं काम पालकांनी आळीपाळीने करायचं असतं. त्या दिवशी घड्याळ माझ्याकडे होतं. फोन टेबलावर थरथरला, सरांच्या मुलीचं, वैशालीचं, नाव दिसलं आणि खाली एकच ओळ... ‘बाबा आज सकाळी गेले.’ खेळाची चार मिनिटं उरली होती. घड्याळ सोडून उठता येत नाही. शिट्टी वाजली की थांबवायचं, बॉल पुन्हा खेळात आला की सुरू करायचं... मी ते करत राहिलो. शेजारी पॉइंट लिहीत बसलेल्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, “ग्रँड?” इथे ‘ठीक ना’ला असंच म्हणतात. मी म्हटलं, “ग्रँड.” खोटं कशाला सांगू, त्या चार मिनिटांत मला सरांचा चेहरासुद्धा आठवला नाही. डोक्यात एकच प्रश्न फिरत होता... कार्ड पोचलं असेल का?

कार्डाची गोष्ट सांगायची तर मला माझ्या गावापासून सुरुवात करावी लागेल. माझे वडील तालुक्याच्या एसटी डेपोत गाड्यांची चाकं बदलायचे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला तेव्हा बाबांनी डेपोत पेढे वाटले आणि त्या दिवसापासून ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी मला ‘इंजिनिअरसाहेब’ म्हणायला लागली. कॉलेज जिल्ह्याच्या गावाला होतं. मी खेळाडू वगैरे अजिबात नव्हतो. पहिल्या वर्षी एकदा कोर्टाच्या कडेने मेसकडे निघालो होतो, तेवढ्यात बॉल बाहेर आला. दोघंतिघं हात वर करून “इकडे, इकडे” ओरडत होते. मी उचलला आणि पलीकडे गप्प उभ्या असलेल्या एका मुलाकडे फेकला. खुर्चीवर बसलेल्या कॅपवाल्या गृहस्थांनी हाक मारली. “ए, तू त्याच्याकडे का टाकलास?” मी घाबरून म्हटलं, “सर, तो मोकळा होता.” त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. त्याला फार वेळ लागला नाही, कारण माझी उंची बेताचीच. मग म्हणाले, “उद्या पहाटे साडेपाचला ये. बूट नसले तरी चालतील.”

आमचं कोर्ट सिमेंटचं होतं. सर ते स्वतः झाडायचे. शिपाई झाडायला आला तर त्याला म्हणायचे, “तू झाडशील, पण खडा मला दिसतो.” खेळात त्यांचा एक नियम होता. बास्केट करणाऱ्याने परत धावताना पास देणाऱ्याकडे बोट दाखवायचं. विसरला तर त्याला पुढची पाच मिनिटं बाकावर बसवायचे. कितीही अटीतटीची मॅच असली तरी. त्यांच्याजवळ पत्र्याचा एक बिस्किटांचा चौकोनी डबा असायचा. त्यात शिट्टी, स्पिरिट, पट्ट्या आणि परीक्षेच्या दिवसांत आमच्या सगळ्यांची हॉल तिकिटं. खेळाच्या नादात पेपर बुडवणारी मुलं त्यांनी पाहिली होती, म्हणून तारखा ते स्वतःकडे ठेवायचे. त्याच डब्यात कोरी पोस्टकार्डंही असायची. आम्ही स्पर्धेला परगावी गेलो की पहिल्या संध्याकाळी प्रत्येकाला एक कार्ड मिळायचं. घरी लिहायचं. लिहून झालं की सरांकडे द्यायचं, आणि मोजून पेटीत तेच टाकायचे. काय लिहायचं हे न सुचणाऱ्यांसाठी त्यांनी तीन वाक्यं ठरवून दिली होती... ‘पोचलो. जेवलो. काळजी नसावी.’ आमच्या घरी माझी अशी सात-आठ कार्डं होती. आई ती देवाच्या फोटोमागे ठेवायची.

तिसऱ्या वर्षी आम्ही विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलो. कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा. संघाचा कॅप्टन शिरीष, बॉल पुढे आणून पास द्यायचं काम माझं. फायनल रविवारी होती, पण आधीचे सामने लांबले आणि ती सोमवारी सकाळी दहावर गेली. सोमवारी दुपारी दोन वाजता, साडेपाच तासांच्या अंतरावर आमच्या कॉलेजात, माझा गणिताचा पेपर होता. दुसऱ्या वर्षाचा राहिलेला विषय. या वेळी सुटला नाही तर वर्ष जाणार होतं. घरी मी सगळे विषय सुटल्याचं सांगितलेलं होतं. आणि बाबांनी मागच्याच सुट्टीत म्हटलं होतं, “अडलं कुठं तर सांग, डेपोत भरती निघतेय. साहेबांशी बोलून ठेवलंय.” ते प्रेमानेच म्हणत होते. पण वर्ष गेलं असतं तर मी आज कुठल्या तरी डेपोत जॅक लावत असतो. तेही काम मोठंच आहे, मी बाबांना ते करताना पाहिलंय... पण मला ते नको होतं.

तरी मी ठरवलं होतं की पेपर सोडायचा. वीस वर्षांच्या मुलाला फायनलपुढे काही दिसत नाही. रविवारी संध्याकाळी सरांनी डबा उघडला आणि माझं हॉल तिकीट माझ्यासमोर धरलं.

“उद्या तुझा पेपर आहे.”

“सर, उद्या फायनल आहे.”

“फायनल आम्ही खेळतो. पेपर तुझ्याऐवजी कोणी देणार आहे का?”

मी रडायला लागलो. म्हटलं, सर, कोणाला सांगू नका, शिरीषला तर नकोच, त्याचा आतेभाऊ आमच्या गावात आहे, बाबांना कळेल. सरांनी हॉल तिकीट माझ्या हातात ठेवलं. मग म्हणाले, “नाही सांगणार.” एवढंच. सकाळी सहाच्या गाडीत त्यांनी मला स्वतः बसवलं, चार केळी दिली आणि कंडक्टरला सांगितलं, “हा झोपेल. झोपू द्या, पण उतरवा.” गाडी सुटताना खिडकीतून एक कोरं कार्ड आत दिलं. पत्त्याच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव आणि पत्ता लिहून ठेवला होता. “पेपर कसा गेला ते टाक मला.”

पेपर मी दिला. संघ हरला, तीन पॉइंटांनी. दोन दिवसांनी मुलं परतली तेव्हा होस्टेलमध्ये एकच गोष्ट चालू होती... म्हाताऱ्याने ऐन फायनलला सुन्याला, म्हणजे मला, घरी पाठवलं. का, तर सांगत नाही. ‘माझा निर्णय आहे’ म्हणतो. मग त्या गोष्टीला फांद्या फुटल्या. कुणी म्हणालं, सरावाला उशिरा आला म्हणून शिक्षा केली. कुणी म्हणालं, सुन्या उलट बोलला. मला विचारलं तर मी म्हणायचो, “जाऊ दे रे.” आणि त्यांना वाटायचं, किती मोठ्या मनाचा आहे! कॉलेजच्या कमिटीने दोन वर्षांसाठी संघ सरांकडून काढून दुसऱ्याकडे दिला. सर रोज पहाटे येऊन कोर्ट मात्र झाडत राहिले. मी पास झालो, वर्ष वाचलं, नोकरी लागली. त्यांच्यासमोरून जाताना मी मान खाली घालायचो. ते कार्ड मी कधी टाकलंच नाही. ‘पेपर चांगला गेला’ हे लिहायला हात धजेना, कारण तिकडे त्यांचा संघ गेला होता... कार्ड माझ्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये राहिलं आणि फाइलबरोबर पुणं, मग बंगळूर, आणि शेवटी आयर्लंडला आलं.

इथे मी वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. नऊ वर्षांपूर्वी शिरीषही नोकरीसाठी आला आणि डब्लिनजवळच्या टॅलाला स्थायिक झाला. आमचं येणंजाणं सुरू झालं आणि प्रत्येक भेटीत कधी ना कधी ती फायनल निघायचीच. “म्हाताऱ्याने तुला बसवलं नसतं ना सुन्या...” इथून ती गोष्ट सुरू व्हायची. त्याच्या मुलांनाही ती पाठ झाली होती. मी पोह्यांच्या बशीत बघत बसायचो.

गेल्या वर्षी संघाला पन्नास वर्षं झाली. शिरीषनेच कल्पना काढली... जगभरातल्या जुन्या खेळाडूंसाठी संघाच्या इतिहासाच्या सात छोट्या फिल्म करायच्या आणि नाताळच्या सुट्टीत रोज एक दाखवायची. इकडच्या दुपारी दोनला, म्हणजे तिकडच्या साडेसातला, सगळे आपापल्या घरी टीव्हीसमोर. पहिली फिल्म मुलांनी स्वतः रेती वाहून कोर्ट कसं बांधलं त्याची, दुसरी मुलींच्या पहिल्या संघाची... आणि पाचवी आमच्या फायनलची. तिचं नाव शिरीषने आधीच ठरवलं होतं, ‘एका हट्टापायी’. आणि तिचं संकलन त्याने माझ्या गळ्यात घातलं, कारण ईराला ते छान जमतं. “शेवटी तू बोलायचंस,” तो म्हणाला. “बसवल्यावर काय वाटलं ते. सगळ्यांना ऐकायचंय.”

फायनलचं चित्रण त्या गावातल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याने केलेलं होतं. त्याला एकच पद्धत ठाऊक. त्यामुळे दोन्ही संघ बदामाच्या आकारातून उगवायचे आणि मागे सनई. ईरा हसून हसून लोळली. मग सवयीने टेपकडे नीट बघायला लागली. तिने विचारलं, सगळे एकमेकांकडे बोट का दाखवतात? मी तो नियम सांगितला. थोड्या वेळाने तिने चित्र थांबवलं.

“बाबा, युअर मॅन इन द कॅप... तो कॅपवाला स्कोअरबोर्ड बघतच नाहीये. ही कीप्स चेकिंग हिज ओन वॉच.”

मी पुढे सरकून पाहिलं. खरंच. मॅच एका पॉइंटवर आलेली, पोरं धापा टाकतायत, आणि सर बाकावर बसून मनगटावरच्या घड्याळात बघतायत. एकदा नाही, चार वेळा. शेजारची खुर्ची त्यांनी रिकामी ठेवली होती. मी मनात हिशेब केला. मॅच त्या टप्प्यावर असताना साडेअकरा वाजत आलेले असणार. माझी गाडी साडेअकराला पोचायची होती.

मग मी ईराला सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी. ती म्हणाली, “पण तू काहीच का नाही बोललास, बाबा?” नेहमी इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगी ते वाक्य मराठीत बोलली. माझ्या बाबांना कळेल म्हणून, असं सांगावं, तर बाबांना जाऊनही सहा वर्षं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. आवाज बारीक झाला होता, आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. मी म्हटलं, सर, फायनलचं खरं काय ते फिल्ममध्ये सांगू का?

“कशाला आता? हरलो ते हरलो.”

“सर, मला सांगायचंय.”

“मग सांग. पण आधी त्या शिरीषला समोर बसवून सांग. कॅप्टन आहे तो. पडद्यावरून कळू नये त्याला.”

म्हणून मी त्या रविवारी गाडी काढली आणि दोन तासांवर टॅलाला गेलो. वाटेत दोनदा वाटलं की परत फिरावं. शिरीष एकटाच होता, चहा टाकत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. त्याने कप काढायला प्रेस, म्हणजे स्वयंपाकघरातलं भिंतीवरचं कपाट, उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं.

“नऊ वर्षं तू माझ्याकडे येतोस,” तो म्हणाला. “दर वेळी मी म्हाताऱ्याला शिव्या घालतो. आणि तू काय करतोस? पोहे खातोस.”

“हो.”

“पोहे खातोस!”

“हो रे.”

“मला सांगायचंस तेव्हा. मी काय गावभर बोंब मारली असती?”

 त्याने दोन कप काढून ओट्यावर ठेवले. मग प्रेसचं दार लावलं आणि म्हणाला, “मारली असती.” आणि खाली बसला, चष्मा काढून पुसत राहिला. मी निघालो तेव्हा दाराशी एवढंच म्हणाला, “फिल्मचं नाव बदल.”

आम्ही नाव ठेवलं ‘साडेअकराची गाडी’. शेवटी मी बोललो, तीन मिनिटं, आणि पडद्यावर सर घड्याळात बघताना दिसत राहिले. ईराने सनई काढून टाकली, बदाम मात्र ठेवले. पाचव्या दिवशी दुपारी दोनला फिल्म सुरू झाली तेव्हा मी सोफ्यावर न बसता जिन्यात जाऊन बसलो होतो. संपल्यावर पाचच मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. कानटोपी घातलेले सर, मागे काकू आणि वैशाली. शिरीषही जोडला गेला होता. तो नुसता “सर... सर...” म्हणत होता.

“कॅप्टन,” सर म्हणाले, “ऐक. मी त्या दिवशी बचावाला तीन-दोनचा झोन लावला. दोन-एक-दोन लावायला हवा होता. त्यांचा उंच पोरगा मधेच उभा होता. त्याच्यामुळे हरलो. हा असता तरी हरलो असतो.”

मी म्हटलं, “म्हणजे सर, माझ्या असण्या-नसण्याने काहीच...”

“तू? तुझा डावा हात कधी चाललाच नाही.”

शिरीष रडता रडता हसायला लागला. काकूही हसल्या. माझ्या छातीवर इतकी वर्षं काय ठेवलेलं होतं ते मला ते उतरल्यावर कळलं. मी त्यांच्या संघाचा पराभव खिशात घेऊन हिंडत होतो, आणि त्यांच्या लेखी तो झोनचा प्रश्न होता! संघ काढून घेतल्याबद्दल शिरीषने विचारलं तर म्हणाले, “दोन वर्षं पहाटे झोपायला मिळालं असतं. पण सवय.” मग कॉल संपवता संपवता त्यांनी मला थांबवलं. “सुनील, एक राहिलं. त्या वर्षीची सगळ्यांची कार्डं गेली. तुझं एक मला यायचंय. पेपर कसा गेला?”

ईरा माझ्या मागे उभी होती. ती फाइल आणायला वर पळाली.

कार्ड पिवळं पडलं होतं, पण सरांचं अक्षर स्वच्छ होतं. सुट्टी संपून टपाल सुरू झाल्यावर मी ते लिहिलं, पाकिटात घातलं आणि ईराने ते पेटीत टाकलं. मोजून, एक. त्यानंतर तीन आठवड्यांनी तो शनिवार आला. मॅच संपल्यावर मी हॉलच्या बाहेर गाडीत बसून वैशालीला फोन लावला. सांत्वनाचे चार शब्द बोलायचे होते, पण तोंडून कार्डाचंच निघालं. तिला राग आला असता तरी चाललं असतं. ती म्हणाली, “मंगळवारी आलं, दादा. बाबांनी भिंगातून दोनदा वाचलं. मग डबा मागितला आणि त्यात ठेवलं. म्हणाले, आता सगळी आली.”

मी गाडीत बसून रडलो, पण ते रडणं सुटल्यासारखं होतं. ईरा शेजारी येऊन बसली. पुढे तो डबा वैशालीने आमच्याकडे पाठवायचं म्हटलं तेव्हा शिरीष आणि मी दोघांनीही नको सांगितलं. तो कॉलेजच्या जिमखान्यात, कोर्टाकडच्या खिडकीत ठेवलाय. शिट्टी, पट्ट्या, आणि सगळ्यात वर माझं कार्ड. वैशालीने त्याचा फोटो पाठवलाय. पोस्टकार्डावर जागा कमी असते, त्यामुळे जे मावलं ते एवढंच:

ती. सरांना सा. न.

पेपर बरा गेला. पहिला प्रश्न अवघड होता, तो शेवटी सोडवला. कंडक्टरांनी दोनदा उठवलं. तिसरं केळं मी त्यांना दिलं. तुम्ही घड्याळात बघत होता ते मी आता पाहिलं. गाडी दहा मिनिटं लवकर आली होती, तेव्हा शेवटची दोन वेळा बघायची गरज नव्हती. शिरीषला आधी सांगितलं, मग सगळ्यांना. कार्ड टाकायला उशीर झाला, त्याबद्दल पाच मिनिटं बाकावर बसवा. लिमरिकहून तुमच्याकडे बोट दाखवतो आहे.

पोचलो. जेवलो. काळजी नसावी.

आपला,
सुनील